गर्भपाताच्या प्रश्नावर पक्षांत फूट पडते ती कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही

नाशिक रोडला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, अमेरिकेत एक पक्ष गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आणि दुसरा विरोधात असे सरसकट म्हटले जाते ते कितपत खरे आहे, पक्षांच्या आत याविषयी मतभेद असतात का, आणि असतील तर आपल्याकडे एकाही पक्षात या विषयावरून कधी वादळ का उठत नाही. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. वैद्यकीय गर्भपात कायदा आणि गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा, या दोन्हींखालची प्रकरणे बरीच वर्षे चालवत आले आहे आणि विधी महाविद्यालयात संविधानही शिकवते. त्यामुळे प्रश्नाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तरात जास्त जागा तोच घेणार आहे.

आधी माझे मत सांगते. गर्भपाताविषयी आतून खरोखर एकमत असलेला मोठा पक्ष माझ्या पाहण्यात नाही. मतभेद सगळीकडे असतात. ते चव्हाट्यावर येतात की नाही, हे पक्षाच्या विचारसरणीपेक्षा काही अगदी व्यवहारी गोष्टींवर ठरते: उमेदवारी कोणाच्या हातात आहे, सभागृहात प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले जाते का, आणि पक्षादेश मोडणाऱ्याचे काय होते. आपल्याकडे शांतता आहे ती या गोष्टींमुळे. तिला एकमत समजू नये.

अमेरिकेची आजची विभागणी (डेमोक्रॅटिक पक्ष हक्काच्या बाजूने, रिपब्लिकन पक्ष विरोधात) पाहून ती पहिल्यापासून अशीच असावी असा समज होतो आणि परीक्षेच्या उत्तरांत तो हमखास उतरतो. प्रत्यक्षात १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताच्या अटी सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती तिथले तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, जे पुढे गर्भपातविरोधी राजकारणाचे मोठे नाव झाले आणि ज्यांनी त्या सहीबद्दल नंतर खेदही व्यक्त केला. न्यूयॉर्कमध्ये १९७० चा उदार कायदा रिपब्लिकन गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या सहीने झाला, आणि दोन वर्षांनी विधिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले तेव्हा त्यांनीच नकाराधिकार वापरून तो वाचवला. २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड खटल्यात ७ विरुद्ध २ अशा बहुमताने गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्या सातांपैकी पाच न्यायाधीश रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते, आणि विरोधात गेलेल्या दोघांपैकी बायरन व्हाइट यांची नेमणूक डेमोक्रॅटिक अध्यक्ष केनेडी यांनी केली होती. धर्मसंस्थांचीही आजची बाजू तेव्हा ठरलेली नव्हती. दक्षिणेतील बाप्टिस्ट चर्चच्या महासंघाने १९७१ मध्ये ठराव करून काही परिस्थितींत गर्भपाताला कायदेशीर मुभा असावी असे म्हटले होते. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र उत्तरेकडील शहरांतील कॅथलिक कामगार मतदार मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा कल विरोधाकडे होता.

म्हणजे सुरुवातीला ही दुफळी दोन पक्षांमध्ये नव्हती, ती दोन्ही पक्षांच्या पोटात होती. १९७६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्याने पक्षात या विषयावर वेगवेगळी मते आहेत हे मान्य केले आणि मग गर्भाच्या जिवाला संरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला. त्याच वर्षी अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड मात्र उघडपणे न्यायालयाच्या निकालाच्या बाजूने होत्या. दुसरीकडे, गरीब स्त्रियांच्या गर्भपातासाठी केंद्राचा आरोग्यनिधी वापरू नये ही हेन्री हाइड या रिपब्लिकन सदस्याची दुरुस्ती १९७६ मध्ये ज्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मंजूर केली तिच्या दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत होते. जो बायडेन यांनी या दुरुस्तीला असलेला पाठिंबा मागे घेतला तो २०१९ मध्ये, अध्यक्षपदाच्या उमेदवारीची स्पर्धा सुरू झाल्यावर.

हा बदल घडला कसा, हे समजून घेताना तिथली उमेदवारी देण्याची पद्धत ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेत उमेदवार आपल्यासारखा दिल्लीत किंवा मुंबईत बसलेल्या कोणा वरिष्ठाच्या यादीतून ठरत नाही. प्राथमिक निवडणुकीत पक्षाचे मतदार तो निवडतात, आणि अशा निवडणुकीला आवर्जून बाहेर पडतो तो मतदार एखाद्या विषयावर पेटलेला असतो. १९८० नंतर रिपब्लिकन पक्षात गर्भपातविरोधी कार्यकर्ते आणि डेमोक्रॅटिक पक्षात हक्कवादी स्त्री-संघटना यांनी ही प्राथमिक फेरी आपल्या ताब्यात घेतली. मधल्या मताचा उमेदवार सार्वत्रिक निवडणुकीत कदाचित जिंकला असता, पण तिथपर्यंत पोहोचण्याआधीच तो गळू लागला. पक्ष एकजिनसी झाले ते विचार बदलून जितके, तितकेच वेगळ्या मताची माणसे गाळून.

गाळले जाण्याची ही प्रक्रिया डेमोक्रॅटिक पक्षात स्पष्ट दिसते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी हे कट्टर कामगारवादी आणि तितकेच कट्टर गर्भपातविरोधी. त्यांच्या राज्याने घातलेल्या निर्बंधांवरचा खटला १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्याच नावाने गाजला, आणि त्याच वर्षी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांना भाषणाची संधी नाकारण्यात आली. पक्षाचे म्हणणे, त्यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला नव्हता म्हणून. केसी यांचे म्हणणे, गर्भपाताच्या मतामुळे. हा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचे चिरंजीव बॉब केसी पुढे सिनेटर झाले आणि बरीच वर्षे स्वतःला गर्भपातविरोधी डेमोक्रॅट म्हणवत राहिले, पण २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देशभर कायद्याने देणाऱ्या विधेयकाच्या बाजूला तेही आले. वडील जिथे पक्षाशी अडून राहिले तिथे मुलाने पक्षाशी जुळवून घेतले.

मतभेदाची खरी ताकद दिसली ती २००९ मध्ये. ओबामा यांच्या आरोग्यविमा विधेयकात गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरला जाऊ नये अशी दुरुस्ती मिशिगनचे डेमोक्रॅटिक सदस्य बार्ट स्टुपाक यांनी मांडली, आणि ती प्रतिनिधिगृहात २४० विरुद्ध १९४ मतांनी मंजूर झाली, कारण ६४ डेमोक्रॅट सदस्यांनी आपल्याच नेतृत्वाच्या इच्छेविरुद्ध तिला मत दिले. सिनेटच्या मसुद्यात ती तशी राहिली नाही. प्रतिनिधिगृहातल्या अंतिम मतदानाच्या वेळी स्टुपाक आणि त्यांचे साथीदार अडून बसले, आणि अध्यक्षांनी गर्भपाताला केंद्राचा निधी मिळणार नाही असा स्वतंत्र आदेश काढण्याचे मान्य केल्यावरच २१ मार्च २०१० रोजी विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले. या फरकावरून लक्षात येईल की, देशाच्या आरोग्यव्यवस्थेतला दशकांतला सर्वांत मोठा कायदा एका पक्षातल्या मूठभर असंतुष्टांच्या हाती आला होता. दोन्ही बाजूंनी शिव्या खाऊन स्टुपाक त्या वर्षी निवडणुकीतून बाजूला झाले. २०२० मध्ये इलिनॉयचे डॅन लिपिन्स्की हे असेच मत असलेले सदस्य प्राथमिक निवडणुकीत पडले.

रिपब्लिकन पक्षातली फूट वेगळ्या जातीची आहे. तिथे हक्कवादी गट कधीच पूर्ण संपला नाही. सिनेटमध्ये सुझन कॉलिन्स आणि लिसा मुरकोव्स्की आजही आहेत. १९९६ मध्ये पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॉब डोल यांनी जाहीरनाम्यात या विषयावर वेगळे मत असणाऱ्यांविषयी सहिष्णुतेचे एक वाक्य घालू पाहिले, तेही पक्षाच्या कार्यकर्त्यांनी घालू दिले नाही. मात्र २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो निकाल रद्द केला आणि विषय राज्यांच्या हाती दिला, तेव्हा पन्नास वर्षे ज्या मागणीवर सगळे एकत्र होते ती मान्य झाली, आणि आता पुढे काय, यावरच फूट पडली. देशभर १५ आठवड्यांनंतर बंदी घालणारे विधेयक सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये आणले, तर सिनेटमधील त्यांचेच नेते मिच मॅकॉनेल यांनी आपल्या बहुतेक सहकाऱ्यांना हा विषय राज्यांवर सोपवणे पसंत असल्याचे सांगून हात झटकले. त्याआधी ऑगस्टमध्ये कॅन्सस या रिपब्लिकनबहुल राज्यात राज्यघटनेतून गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला होता. रिपब्लिकन मतदारांतल्या एका मोठ्या गटाने पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिल्याशिवाय त्या राज्यात हा आकडा येणे शक्यच नव्हते. २०२४ च्या जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची जुनी मागणी वगळण्यात आली. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. निवडून यायचे तर हे ओझे थोडे हलके करावे लागेल, हे ट्रम्प यांना कळले आणि पक्षाला ते मुकाट्याने गिळावे लागले.

ब्रिटनने हा प्रश्न पक्षाच्या बाहेरच ठेवला आहे. १९६७ चा गर्भपात कायदा लिबरल पक्षाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील यांच्या खासगी विधेयकातून आला, मजूर पक्षाच्या सरकारने त्याला सभागृहाचा वेळ दिला, पण पक्षादेश कोणीच काढला नाही. तेव्हापासून या विषयावर प्रत्येक खासदाराने आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्यावे असा संकेत आहे. जून २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःचा गर्भपात करणाऱ्या स्त्रीवर खटला भरू नये ही दुरुस्ती ३७९ विरुद्ध १३७ मतांनी मंजूर झाली तीही अशीच. बंडखोरी करायला आदेशच नसेल तर बंड होत नाही. फ्रान्समध्ये १९७४ मध्ये उजव्या सरकारच्या आरोग्यमंत्री सिमोन व्हे यांचे विधेयक २८४ विरुद्ध १८९ मतांनी तरले ते विरोधी डाव्यांच्या मतांवर. सत्ताधारी आघाडीतले बहुसंख्य सदस्य त्याच्या विरोधात होते.

आयर्लंडचे उदाहरण मी वर्गात नेहमी देते, कारण त्याची एक नाळ आपल्या शेजारी आहे. बेळगावच्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॅल्वेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने मरण पावल्या. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे कळूनही हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून त्यांना गर्भपात नाकारण्यात आला होता. पुढच्या वर्षी फिन गेल पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारने मातेच्या जिवाला धोका असल्यास गर्भपाताची मुभा देणारा मर्यादित कायदा आणला आणि पक्षादेश कडक ठेवला. राज्यमंत्री लुसिंडा क्रायटन यांच्यासह पाच खासदारांनी विरोधात मत दिले आणि ते संसदीय पक्षातून बाहेर गेले. क्रायटन यांनी पुढे स्वतःचा पक्ष काढला. शिन फेन पक्षात उलट चित्र होते. पक्षाची भूमिका बदलाच्या बाजूची, आणि खासदार पडार टोबीन विरोधात. आधी निलंबन, नंतर पुन्हा निलंबन, आणि शेवटी त्यांनीही वेगळी चूल मांडली. फियाना फेल पक्षाने मात्र राज्यघटनेतली गर्भपातबंदी काढण्यासाठी झालेल्या २०१८ च्या सार्वमताआधी सर्वांना मोकळीक दिली. नेते मिहॉल मार्टिन बदलाच्या बाजूने आणि त्यांचे निम्म्याहून अधिक खासदार विरोधात, असे असूनही पक्ष शाबूत राहिला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. एकाच देशात, एकाच प्रश्नावर, आदेश काढणारे दोन पक्ष फुटले आणि न काढणारा टिकला. पक्षांतर्गत फुटीवर उत्तर लिहिताना एवढे एक उदाहरण नीट मांडले तरी पुष्कळ होईल.

आता आपल्याकडे येऊ. भारतात १९७१ पूर्वी गर्भपात हा भारतीय दंड संहितेच्या ३१२ व्या कलमाखाली गुन्हा होता, मातेचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडून. १९६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. त्या समितीने बेकायदा गर्भपातांत स्त्रिया मरतात हे मुख्य कारण मांडून कायदा सैल करण्याची शिफारस केली. पुढे तो मसुदा ज्या काळात संसदेपर्यंत आला तो कुटुंबनियोजनाच्या मोहिमेचा काळ होता. १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला, तो सार्वजनिक आरोग्याच्या आणि लोकसंख्येच्या भाषेत. कुठे मोर्चा नव्हता, कुठे सार्वमत नव्हते. महत्त्वाचे म्हणजे कायद्याने स्त्रीला हक्क दिला नाही. ठरावीक कारणे आहेत असे सद्भावनेने मत बनवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला शिक्षेपासून संरक्षण दिले. मूळ गुन्हा तसाच राहिला. आज भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात तो आहे.

या रचनेचा राजकीय परिणाम फार मोठा झाला. अमेरिकेत प्रश्न विचारला जातो तो स्त्रीचा हक्क की गर्भाचा, आणि त्यावर प्रत्येक पुढाऱ्याला बाजू घ्यावी लागते. आपल्याकडे निर्णय कागदोपत्री डॉक्टरचा ठरला, म्हणून एकाही पक्षाला हक्काचा प्रश्न जाहीरपणे सोडवावा लागला नाही. देवादिकांच्या नावाने मते मागणाऱ्या पक्षालाही नाही आणि स्त्रीमुक्तीच्या घोषणा देणाऱ्यालाही नाही. ही सोय सर्वांनाच मानवली, आणि मला विचाराल तर पन्नास वर्षे कायद्यावर हल्ला झाला नाही याचेही श्रेय तिलाच आहे.

दुसरी गोष्ट मतदानाची. २०२१ ची दुरुस्ती पाहा. विधेयक लोकसभेत १७ मार्च २०२० रोजी आणि राज्यसभेत १६ मार्च २०२१ रोजी मंजूर झाले, दोन्हीकडे आवाजी मतदानाने. ही गर्भपाताची वीस आठवड्यांची मर्यादा ठरावीक स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत वाढवणारी, आणि ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा बदल करणारी दुरुस्ती होती. दुसऱ्या एखाद्या लोकशाहीत तिच्यावर रात्रभर नावानिशी मतदान झाले असते. राज्यसभेत विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची विरोधकांची मागणीही आवाजानेच फेटाळली गेली. कोणत्या पक्षाचा कोणता सदस्य मनातून अस्वस्थ होता, हे इतिहासाला कधीच कळणार नाही. नावानिशी मतदान झाले असते तरी १९८५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते, पक्षाने १५ दिवसांत माफ केले नाही तर. पक्षादेशाची ही तलवार विश्वासदर्शक ठरावासारख्या प्रसंगांपुरती आणि पक्षाच्या मूळ कार्यक्रमापुरती असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सुचवले होते. त्या सूचनेची आठवण कोणताही पक्ष काढत नाही. स्टुपाक आपल्याकडे असते तर त्यांना मत देण्याआधी पक्ष सोडण्याची तयारी करावी लागली असती. आणि तिकीट वरून येत असल्याने पुढच्या निवडणुकीचे दारही बंद झाले असते.

मतभेद मग जातात कुठे? माझ्या अनुभवात ते दोन कायद्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाच्या चाचण्यांवर कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांखालील मुलींचे दर हजार मुलांमागचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाले. २०१२ मध्ये परळीच्या एका डॉक्टर दांपत्याचे बेकायदा गर्भपाताचे प्रकरण गाजल्यावर कारवाईचा जो धडाका सुरू झाला, त्यात सोनोग्राफी केंद्रांबरोबर गर्भपात केंद्रेही आली आणि औषध दुकानेही आली. गर्भपाताच्या गोळ्यांचा संच डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकण्यास मनाई नाही, पण औषध निरीक्षकाच्या तपासणीचा ससेमिरा नको म्हणून अनेक दुकानदारांनी तो ठेवणेच सोडले. वास्तविक या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत घेतल्या जातात, जेव्हा सोनोग्राफीत लिंग कळण्याचा प्रश्नच नसतो. मुलगी वाचवण्याच्या मोहिमेचा भार असा भलत्याच स्त्रीवर पडला.

आणि इथे पक्षांच्या रेषा पार पुसल्या जातात. २०१६ मध्ये भाजपच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी जयपूरमध्ये सुचवले की, गर्भाचे लिंग सक्तीने तपासून नोंदवावे आणि प्रत्येक मुलीच्या गर्भावर लक्ष ठेवावे. नंतर सरकारला हा केवळ एक विचार होता असा खुलासा करावा लागला. पुढच्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने, जिचे अध्यक्ष काँग्रेसचे आमदार होते, जवळपास तशीच शिफारस केली. दोन कट्टर विरोधी पक्षांतल्या माणसांचे विचार जुळले, आणि त्याच दोन पक्षांत या सूचनेने अंगावर काटा येणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांच्यातल्या काहींशी मी बोलले आहे. छापून येईल असे बोलायला त्या तयार नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी एका पक्षाच्या महिला आघाडीने नाशिकमध्ये भरवलेल्या अभ्यासवर्गात मला २०२१ च्या दुरुस्तीवर बोलायला बोलावले होते. चोवीस आठवड्यांची मर्यादा कोणासाठी, हे मी फळ्यावर लिहीत असताना निफाडकडच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या उठल्या आणि म्हणाल्या, “वकीलताई, हे आठवडे राहू द्या. आमच्या गावात पोरांना लग्नाला पोरी मिळेनात. ही केंद्रं आधी बंद करा.” सिडकोतल्या एका तरुण नगरसेविकेने बसल्या जागेवरूनच उत्तर दिले, “काकू, केंद्र बंद केलं तर माझ्या वॉर्डातली बाई जाणार कुठं? दोन लेकरं पदरात, नवरा अंबडला कंत्राटावर. ती काय मुलगी आहे म्हणून पाडायला येते का?” काकू म्हणाल्या, “मग तिनं आधी विचार करायचा.” “तिनं एकटीनं करायचा का?” यावर मागच्या रांगांत हशा पिकला, आणि अध्यक्षबाईंनी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. अमेरिकेच्या अधिवेशनात ज्यावरून माणसे व्यासपीठावरून खाली उतरवली जातात, तो सगळा वाद त्या चार वाक्यांत झाला होता. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कायदेविषयक मार्गदर्शन शिबिर उत्साहात पार पडल्याचे तेवढे आले. मला दोघींचेही म्हणणे खोटे वाटले नाही; फक्त दोघी दोन वेगळ्या कायद्यांविषयी बोलत होत्या आणि पक्षाला त्या दोघींना समोरासमोर बसवून भूमिका ठरवण्याची गरजच कधी वाटली नव्हती.

भूमिका नसण्याची किंमत कोण मोजते, हे पेठ-सुरगाण्याकडे जास्त कळते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगते. सतरा वर्षांची मुलगी, मुलगा त्याच पाड्यावरचा, पाचवा महिना सरत आला तेव्हा आशाताईच्या लक्षात आले. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. शहरातल्या एका डॉक्टरने आधी पोलिसांत तक्रार द्या, मगच हात लावतो असे सांगितले. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना कळवणे डॉक्टरला बंधनकारक आहे हे खरे, पण कळवण्याचे काम डॉक्टरचे असते. उपचारासाठी कुटुंबाने आधी तक्रार केलीच पाहिजे अशी अट त्या कायद्यात नाही. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही असेही म्हटले आहे. त्या डॉक्टरला ते ठाऊक नव्हते. मग एका पक्षाच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याने गाडी दिली, माझा नंबर शोधला, रुग्णालयात फोन केले. आणि त्याच पक्षाच्या दुसऱ्या पुढाऱ्याने बापाला बाजूला घेऊन सांगितले, कशाला बोभाटा करता, लग्न लावून मोकळे व्हा. मुलगी अल्पवयीन असल्याने तो सल्ला आणखी एका गुन्ह्याचा होता, पण बाप त्यावर आठवडाभर विचार करत राहिला. चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटायला दोन दिवस उरले असताना काम झाले. त्या दोघा पुढाऱ्यांपैकी पक्षाची भूमिका कोणाची, असे मला कोणी विचारले असते तर मी सांगू शकले नसते, आणि त्यांचे प्रदेशाध्यक्षही सांगू शकले नसते.

विधिमंडळांनी टाळलेला वाद आपल्याकडे न्यायालयात होतो. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने मुंबईतील एका दांपत्याने चोवीस आठवड्यांनंतर परवानगी मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. कायद्यातली वीस आठवड्यांची मर्यादा तोकडी आहे ही चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली, आणि संसदेला ती मर्यादा बदलायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. २०२२ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख आला त्यानेच अविवाहित स्त्रीलाही वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा दिली आणि या कायद्यापुरता वैवाहिक बलात्कार हाही बलात्कार मानला. हे काम संसदेचे होते. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्यात उघड मतभेद झाले. आधी दोघींनी परवानगी दिली होती. गर्भ जगू शकतो असे डॉक्टरांनी कळवल्यावर एकीने आपली सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही असे म्हटले, दुसरीने स्त्रीचा निर्णय मानलाच पाहिजे असे म्हटले, आणि शेवटी तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. पक्षांच्या आत दडलेले मत जसेच्या तसे कागदावर पाहायचे असेल तर त्या दोन आदेशांची पाने वाचावीत. तिथे पक्षादेश नव्हता, म्हणून दोघींना आपापले कारण लिहिता आले.

हे असेच राहील का? मला तसे वाटत नाही. डॉक्टरचे मत ही जी ढाल पक्षांनी पन्नास वर्षे वापरली, ती न्यायालये हळूहळू बाजूला करत आहेत. ज्या दिवशी स्त्रीच्या केवळ इच्छेवर ठरावीक आठवड्यांपर्यंत गर्भपात, असे विधेयक प्रत्यक्ष मांडले जाईल, त्या दिवशी प्रत्येक पक्षात निफाडच्या काकू आणि सिडकोच्या नगरसेविका समोरासमोर येतील. फूट मात्र अमेरिकेसारखी पडणार नाही. धर्माच्या मुद्द्यापेक्षा मुलींच्या घटत्या संख्येचा मुद्दा इथे जास्त माणसे ओढेल, आणि विरोधाचे नेतृत्व पुष्कळदा मुलींसाठी खऱ्या तळमळीने काम करणाऱ्याच करतील. प्राथमिक निवडणूक नसल्याने त्यांना पक्षातून कोणी गाळणार नाही, पण पक्षादेश असल्याने त्यांना मतही देता येणार नाही. ब्रिटनसारखी मोकळीक या एका विषयापुरती द्यायला काय हरकत आहे, असे मी आमदारकीच्या इच्छुकांना अनेकदा विचारले आहे. उत्तर बहुधा हसून मिळते.

प्रश्नकर्त्यांनी उत्तर लिहिताना अमेरिकेचे १९८० पूर्वीचे आणि नंतरचे चित्र वेगळे ठेवावे, आयर्लंडचे तिन्ही पक्ष शेजारी मांडावेत आणि भारतासाठी दहावी अनुसूची विसरू नये. मूळ साधन हवे असेल तर राज्यसभेचे १६ मार्च २०२१ चे कामकाज संकेतस्थळावर आहे. त्यात मतांचे आकडे शोधू नयेत, ते तिथे नाहीत. एकाच पक्षाच्या दोन सदस्यांची भाषणे शेजारी ठेवून कोण डॉक्टरविषयी बोलतो आणि कोण स्त्रीविषयी, एवढे पाहावे.